नांगर, नागर आणि एक अनुस्वार

भाचीनं बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा घरात कुणी हूं की चूं केलं नाही. एम.ए.ला मात्र नागरी अर्थशास्त्र, म्हणजे शहरांचं अर्थशास्त्र, शिकायचं म्हणून ती मुंबई-पुण्याकडे चौकशा करू लागली, आणि एका साखरपुड्याच्या मांडवात तिचा निकाल लागला. जेवणं उरकली होती. तीस वर्षं सहकार आणि कृषी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही सुपारी कातरत म्हणाले, "आपला जिल्हा नांगराचा. नागरांचा नाही. पोरी, आपल्या मातीचं काही शीक." कोटी चांगली होती, हशा पिकला. मागून एका मावशींनी सगळ्यांच्या मनातलं विचारून टाकलं, "नोकरी भेटन का याच्यानं?" भाची हसून गप्प बसली. सोयऱ्यांच्या मांडवात वाद घालू नये म्हणून मीही गप्प बसलो. तो राहिलेला वाद आता इथे घालतो.

सरांना उत्तर द्यायचं तर त्यांचं म्हणणं आधी त्यांच्याइतक्याच नेटानं मांडायला हवं. त्यांचे मुद्दे चार. पहिला, बुलडाणा हा शेतीचा जिल्हा आहे. 2011 च्या जनगणनेत इथली शंभरातली जेमतेम एकवीस माणसं शहरांत राहणारी निघाली. उरलेल्या एकोणऐंशींचं सोडून एकविसांचं शास्त्र कशाला? दुसरा, हा विषय मेट्रोचा, उड्डाणपुलांचा, झोपडपट्टी पुनर्वसनाचा. आपल्याकडे यातलं काय आहे? तिसरा, याची पुस्तकं परदेशी, शहरं परदेशी, आकृत्याही परदेशी. आणि चौथा, हे शिकलेलं पोर परत येत नाही, आलंच तर त्याला इथे काम नाही. चारही मुद्दे ऐकायला पटणारे आहेत. म्हणूनच ते एकेक करून उलगडावे लागतात.

नांगरापासूनच सुरुवात करू. नागरी अर्थशास्त्राचा मूळपुरुष कोण, असं विचारलं तर बहुतेक पुस्तकं योहान हाइनरिश फॉन थ्यूनेनचं नाव सांगतात. हा माणूस प्राध्यापक नव्हता, जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागातला शेतकरी होता. टेलो नावाच्या गावी त्याचं वावर होतं, आणि त्या वावराच्या जमाखर्चाच्या वह्या तो वर्षानुवर्षं काटेकोर लिहीत होता. त्या वह्यांतून त्याला एक प्रश्न पडला. माती सगळीकडे सारखी धरली, तरी शहराच्या वेशीजवळ भाजी आणि दूध, त्यापलीकडे धान्य आणि सगळ्यात लांब गुरं, असं का होतं? 1826 साली त्यानं पुस्तक काढून उत्तर दिलं. माल बाजारात न्यायला लागणारं भाडं वजा केलं की जे उरतं, त्यावर जमिनीचा खंड ठरतो. बाजार जितका लांब, तितका खंड कमी. पुढे 1964 मध्ये विल्यम अलोन्सोनं तेच गणित पिकांऐवजी दुकानं, घरं आणि कारखाने यांना लावलं, आणि शहराच्या मध्यापासून बाहेर जाताना जमिनीचा भाव कसा उतरतो ते दाखवलं. विषयाचा पाया हा असा एका शेतकऱ्याच्या खतावणीत आहे. सर, नांगर आणि नागर यांत फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे, आणि तो अनुस्वार म्हणजे वावर ते बाजार हा रस्ता.

आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडून पाहा. वेशीलगत भाजीचे वाफे आणि दुधाच्या म्हशी, पुढे सोयाबीन-तूर, कपाशी. थ्यूनेनचं नाव न ऐकलेला शेतकरीसुद्धा त्याच्याच हिशेबानं वागतो. फरक एवढाच की हिशेब मनात असतो, कागदावर नसतो. आणि समोरच्या माणसाचा कागदावर असला, की मनातला हिशेब हरतो.

आता त्या एकवीस टक्क्यांकडे वळू. जनगणना शहर कशाला म्हणते? नगरपालिका किंवा नगरपंचायत असेल तर ते आपोआप शहर. नसेल तर पाच हजार वस्ती, कामकरी पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला चारशे माणसं, या तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. या मापानं खामगाव 2011 मध्ये सुमारे 94 हजारांवर होतं, म्हणजे जनगणना ज्या लाखाच्या रेषेवर शहराला पहिल्या वर्गात बसवते, तिच्या उंबरठ्यावर. जिल्ह्यात तालुके तेरा, आणि तेराही तालुक्यांच्या ठिकाणी नागरी कारभार. अकरा ठिकाणी नगरपालिका, मोताळा आणि संग्रामपूरला नगरपंचायत. उरलेले एकोणऐंशी टक्के सोयाबीन विकायला, ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला, मुलीला कॉलेजात घालायला, तारखेला कोर्टात जायला, सलाईन लावून घ्यायला याच तेरा गावांत येतात. ट्रॅक्टरचं दुकान तालुक्याला सापडतं, पण हृदयाचा शल्यविशारद हवा तर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. असं का होतं आणि ही उतरंड कशी बसते, हा नागरी अर्थशास्त्राचा अगदी गाभ्याचा धडा आहे. एकवीस टक्के लोक शहरात राहतात, भाव मात्र शंभर टक्क्यांचा शहरात ठरतो. शिवाय तो एकवीसचा आकडाही आता शिळा आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची 2027 ला आहे. मधल्या काळात किती वावरांचे प्लॉट झाले, हे जिल्ह्यातल्या दलालांना ठाऊक आहे. जनगणनेला ठाऊक नाही.

दुसरा मुद्दा, की इथे शिकण्यासारखं आहेच काय. सर, मी तुम्हाला दोन रस्त्यांची गोष्ट सांगतो. एक लोखंडी, एक काँक्रीटचा.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. तो घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. कापसाची मोठी पेठ असलेलं खामगाव त्या मार्गावरून सुटलं. मग काय झालं? खामगाव ओस पडलं का? उलट 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरचा खास फाटा टाकला गेला, आणि त्या निमित्तानं खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. साम्राज्याचा सगळ्यात मोठा अंमलदार तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी इतक्या लांब का येतो? कारण पेठ आधी होती. व्यापारी, अडते, मापारी, उधारीची साखळी, गोदामं आणि गावोगावच्या कापूसवाल्यांची रुळलेली वाट हे सगळं तिथे जमलेलं होतं. रेल्वे बाजारामागे आली. माणसं, कसब आणि भांडवल एका जागी साचलं की प्रत्येकाचं काम स्वस्त आणि सोपं होतं. अर्थशास्त्रात याला समूहनाचा लाभ म्हणतात. खामगाव आजही चांदीच्या पेठेसाठी रजतनगरी म्हणून ओळखलं जातं, ती या साचण्याचीच पुढची कथा आहे.

याउलट जिल्ह्याचं ठाणं असलेलं बुलडाणा घाटावर. थंड हवेवर खूश होऊन साहेबांनी ते निवडलं. कचेऱ्या आल्या, कोर्ट आलं, कलेक्टर आले, रेल्वे आली नाही. दीडशे वर्षांनंतरही लोकसंख्येत खामगाव पुढे आणि जिल्ह्याचं मुख्यालय मागे. कचेरीनं गाव होतं, पेठ होत नाही. घाटावर आणि घाटाखाली हा फरक आपण राजकारणात, सोयरिकीत, बोलीत रोज करतो, पण त्याचा अर्थशास्त्रीय धडा कधी लिहीत नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. मोर्चे झाले, उपोषणं झाली, सर्वेक्षणंही झाली. प्रत्येक वेळी आपण म्हणतो "अन्याय", आणि पलीकडची बाजू म्हणते "परतावा". परताव्याच्या आकड्याची झडती घ्यायला परताव्याचंच गणित यावं लागतं. नव्या मार्गानं जी वाहतूक जन्माला येईल ती मोजली की नाही, घाटावरच्या शेतमालाचं वाचणारं भाडं धरलं की नाही, हे विचारणारं माणूस आपल्या बाजूच्या बाकावर बसायला नको का?

आता काँक्रीटचा रस्ता. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. आपल्या जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. आरंभी सरकारनं जमीन एकत्रीकरणाची योजना पुढे केली होती. वावर द्या, काही वर्षं ठरावीक मोबदला घ्या आणि पुढे होणाऱ्या नव्या नगरात विकसित भूखंड घ्या. शेतकऱ्यांनी विरोध केला. मग थेट खरेदी आली, रेडीरेकनरच्या पाच पटींपर्यंत भाव मिळाला आणि बहुतेकांनी सह्या केल्या. तेव्हा शहरी टीकाकार म्हणाले, शेतकऱ्यांना भविष्य दिसत नाही. मी म्हणतो, त्यांना ते बरोबर दिसलं होतं. जे नगर अजून नकाशावर आहे, ते होईल की नाही आणि झालं तर कधी, याची शाश्वती नसताना भूखंडाचं आश्वासन म्हणजे वायदा. वायद्यापेक्षा रोख बरी, हे शहाणपण त्यांना कुणी शिकवायला लागलं नाही. मात्र ज्यांनी रोख घेतली त्यांच्यासमोर पुढचा प्रश्न उभा राहिला. हा पैसा लावायचा कुठे? तिथे शहाणपण पुरलं नाही, कारण तिथे माहिती लागत होती.

महामार्गालगत मेहकरजवळ साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजाकडे सावरगाव माळ इथे कृषी समृद्धी नगरं होणार, असं जाहीर झालं. मग भोवतालचा भाव तापला. जागोजागी पाट्या लागल्या, 'हायवे टच'. इथे नागरी अर्थशास्त्राची पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीसुद्धा एक साधा प्रश्न विचारेल. टच आहे, पण आत शिरता येतं का? समृद्धी हा बंदिस्त महामार्ग आहे. त्यावर चढता-उतरता येतं ते फक्त इंटरचेंजला. जुन्या राज्यमार्गावर प्रत्येक फाट्याला चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, खताचं केंद्र उभं राहतं, कारण तिथे गाडी थांबते. समृद्धीच्या कडेला बांध असला तरी मध्ये कुंपण आहे. गाडी ताशी शंभराच्या वर वेगानं तुमच्या वावराजवळून जाते आणि तुमच्या गावाला तिचा फक्त आवाज मिळतो. जमिनीला भाव अंतरानं मिळत नाही, पोचण्यानं मिळतो. दोन इंटरचेंजच्या अधेमधे असलेली जमीन रस्त्याच्या सगळ्यात जवळ असूनही बाजारापासून होती तितकीच लांब राहिली. उलट पलीकडच्या शिवारात जायला वळसा पडू लागला असेल तर आणखी लांब गेली. हे गणित येत नसलेल्या माणसानं समृद्धीचा मोबदला समृद्धीलगतच्याच प्लॉटमध्ये घातला असेल, तर दोष त्याच्या लोभाला द्यायचा की आपल्या शिक्षणाला?

याच ठिकाणी पुण्याचं मगरपट्टा आठवतं. हडपसरच्या शेतकऱ्यांनी, सुमारे 120 कुटुंबांनी, चारशे एकरांहून जास्त जमीन बाहेरच्या बिल्डरला न विकता एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि स्वतःच नगर उभारलं. आमच्या भागातली भाषणं याच उदाहरणानं सुरू होतात आणि इथेच संपतात. हडपसरच्या मागे अख्खं पुणं उभं होतं. घर विकत घेणारा, कचेरी भाड्यानं घेणारा, पगारदार माणूस दाराशी होता. सावरगाव माळच्या मागे कोण आहे? मगरपट्ट्याची नक्कल सिंदखेडराजात का होणार नाही, आणि तिच्याऐवजी काय होऊ शकेल, शेतमालाची गोदामं की शीतगृहं की जिजाऊंच्या जन्मस्थळाला येणाऱ्यांसाठी सोयी, हे सांगणं म्हणजेच हा विषय येणं. खामगावच्या रुळांनी शिकवलेला धडा इथे उलटा वाचायचा. पेठ होती म्हणून रस्ता आला. नुसता रस्ता आला म्हणून पेठ येईलच, असं नाही.

आणखी घरगुती हिशेब हवा असेल तर नगरपालिकेचा घ्या. पूर्वी पालिकांना जकात होती. जकात वाईट होती, नाक्यावर ट्रक अडायचे, भ्रष्टाचार व्हायचा, हे सगळं खरं. पण व्यापार वाढला की पालिकेचा गल्ला आपोआप वाढायचा. 1999 मध्ये राज्यानं नगरपालिकांची जकात बंद केली आणि तिच्याजागी अनुदान सुरू केलं. तेव्हापासून गावाची पेठ कितीही फोफावली तरी पालिकेची नजर मंत्रालयाकडेच. हाताशी उरला मालमत्ता कर. त्याची चतुर्थवार्षिक आकारणी आली की गावात बोंब होते, नगरसेवक स्थगिती आणतात, आणि त्याच नगरसेवकांकडे लोक नळाला चार दिवसांआड पाणी का येतं म्हणून भांडायला जातात. विकास आराखड्यात बागेचं, शाळेचं, भाजीमंडईचं आरक्षण पडतं. दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत की आरक्षण उठतं, बाग जाते, इमारत येते. दरम्यान पालिकेनं घातलेल्या रस्त्यानं आणि जलवाहिनीनं ज्या खासगी जमिनींचे भाव दुप्पट झाले, त्या वाढीतला वाटा पालिकेच्या तिजोरीत येत नाही. तो गुंठेवारीत, इसारपावतीत, दलालीत जिरतो. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, 2021 मध्ये त्याची मुदत 2020 अखेरपर्यंत पुढे नेली. म्हणजे आधी वाट्टेल तसं गाव वाढू द्यायचं आणि वीस वर्षांनी त्यावर शिक्का मारायचा. असं गाव वाढवायला किती खर्च येतो, आणि आधी रस्ते आखून वाढवायला किती येतो? हा हिशेब शिकलेलं माणूस प्रत्येक पालिकेत एक जरी असतं, तर काही लेआऊटांत गटाराआधी पूर आला नसता.

शेगावचं पाहा. जनगणनेच्या लेखी साठ हजारांच्या आसपासचं गाव. प्रत्यक्षात गुरुवार, एकादशी, प्रकटदिन आणि ऋषिपंचमी अशा प्रत्येक दिवशी निराळ्या आकाराचं. गजानन महाराजांच्या समाधीला 2010 मध्ये शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं विकास आराखडा आला. संस्थानाची शिस्त आणि स्वच्छता सगळा महाराष्ट्र वाखाणतो. पण संस्थानाच्या भिंतीबाहेरचं गाव पालिकेचं. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मुख्य आधार राहती लोकसंख्या, आणि पाणी, कचरा, रस्ते यांचा ताण येतो तो येणाऱ्या लोकसंख्येचा. भोवती पूर्णेचा खारपाण पट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. मुक्कामाला न राहणाऱ्या माणसाचा खर्च कोणी उचलायचा? लॉज, कचोरी, रिक्षा यांतून गावात येणारा पैसा पालिकेपर्यंत कसा पोचवायचा? हा प्रश्न पंढरपूरचा, शिर्डीचा, तुळजापूरचाही आहे. त्यावर अभ्यास करायला शेगावच्या पोरीपेक्षा लायक कोण? आणि लोणार? उल्कापातानं झालेलं सरोवर, 2020 मध्ये रामसर यादीत गेलेलं. तरी गावाचं सांडपाणी त्यात उतरतं, आणि सरोवराच्या जतनाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. घाण करणाऱ्याला तिचा खर्च द्यावा लागत नाही तेव्हा काय होतं, हे फळ्यावर काढायच्या आकृतीपेक्षा सरोवराच्या काठावर उभं राहून जास्त लवकर कळतं. आपलं विद्यापीठ ज्या गाडगेबाबांच्या नावाचं आहे, ते हातात खराटा घेऊन गाव झाडत. खराट्याला जमाखर्चाची जोड देणं, एवढंच या शास्त्राचं म्हणणं.

तिसऱ्या मुद्द्यात, पुस्तकं परदेशी यात, अर्धं तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. पुस्तकातल्या शहराला एकच केंद्र असतं, जमिनीचा मालक निर्विवाद असतो, बस वेळेवर येते. आपल्या गावाला केंद्रं दोन, बसस्टँड आणि बाजार समिती. सात-बाऱ्यावर सहा वारसांची नावं आणि एकाचा दावा. पण यावरून निष्कर्ष काय निघतो? विषय सोडून द्यावा, असा की आपल्या गावांवर तो नव्यानं लिहावा, असा? मराठी माणसांनी दुसरा निष्कर्ष कधीच काढलेला आहे. 1930 मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची घरोघर पाहणी केली. कोण कुठे राहतं, काय कमावतं, भाडं किती देतं. तिचे ग्रंथ 1945 आणि 1952 मध्ये आले. 1956 मध्ये सोवनी, आपटे आणि पेंडसे यांनी पुण्याची फेरपाहणी छापली. सोवनींनी तर पाश्चात्त्य पंडितांचाच एक लाडका सिद्धांत तपासायला घेतला. गरीब देशांत उद्योगांच्या मानानं शहरं अति वाढली आहेत, असं ते पंडित म्हणत. 1964 मध्ये सोवनींनी विचारलं, अति म्हणजे कशापेक्षा अति? कुठल्या देशाचं कुठलं साल तुम्ही माप म्हणून धरलंत? परदेशी शास्त्राला असा सवाल करायचा असेल तर आधी ते शास्त्र यावं लागतं. गाडगीळ लहानपणी नागपूरला वाढले, सहकारी साखर कारखानदारीच्या उभारणीत त्यांचा मोठा हात. शेती आणि शहर या दोन वेगळ्या शाखा आहेत, हे त्यांना तरी पटलं नसतं.

चौथा मुद्दा पोरं परत न येण्याचा. सर, पोरं हा विषय न शिकताही जातातच. चाकणला जातात, वाळूजला जातात, सुरतला जातात, आणि जी जास्त हुशार ती स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात एका खोलीत चौघं राहून वय घालवतात. 1970 मध्ये हॅरिस आणि टोडारो या दोघांनी हेच कोडं सोडवलं होतं. शहरात बेकारी दिसत असतानाही माणसं शहराकडे का येतात? कारण माणूस गावच्या मजुरीची तुलना शहरातल्या पगाराशी करतो, आणि त्या पगाराला तो मिळण्याच्या शक्यतेनं मनातल्या मनात गुणतो. पदाच्या एका जाहिरातीवर हजारो अर्ज पडतात, ते वेडेपणानं नाही, या गुणाकारानं. या गुणाकारातली शक्यता फुगवून सांगण्याचा धंदा शिकवण्यांचा आहे. ती खरी सांगण्याचं काम कुणाचं?

नोकरीचं उत्तर मावशींना प्रामाणिकपणे द्यायला हवं. नगरपालिकेत 'नागरी अर्थशास्त्रज्ञ' असं पद नाही. नगररचनाकार व्हायला वेगळी पदवी लागते. भाचीला हमीची नोकरी नाही. पण कृषी अर्थशास्त्र शिकलेल्या किती जणांना कृषी अर्थशास्त्रज्ञाची नोकरी मिळाली, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि कामाचं म्हणाल तर जिल्ह्यातली सगळ्यांत मोठी पतसंस्था बघा. 1986 मध्ये बहात्तर सभासद आणि बारा हजार रुपयांवर सुरू झालेली बुलडाणा अर्बन आज कित्येक जिल्ह्यांत पसरली आहे, गोदामात ठेवलेल्या शेतमालावर कर्ज देते. कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात उभी राहिलेली, शेतकऱ्याच्या पोत्यावर चालणारी संस्था, आणि नाव 'अर्बन'. 'अर्बन' हा शब्द आपल्याकडे पतसंस्थेच्या पाटीवर चालतो, ठेवपावतीवर चालतो. पोरीच्या पदवीवर आला की तेवढा परका होतो.

माझी तक्रार विषयाशी नाही, तो शिकवण्याच्या रीतीशी आहे. विद्यार्थ्याला अलोन्सोची वक्ररेषा पाठ असते, पण त्यानं स्वतःच्या गावाच्या बसस्टँडपासून वेशीपर्यंत चालत जाऊन दर शंभर पावलांवर प्लॉटचा भाव विचारलेला नसतो. पालिकेचं अंदाजपत्रक सभेत मंजूर होतं, त्याच्या पानांना एम.ए.च्या मुलांचा हात लागत नाही. आठवडी बाजारात कुठल्या गावचा माणूस किती लांबून येतो, याची नोंद कुणी ठेवत नाही. हे सगळं मराठीत, वहीत, एका उन्हाळी सुटीत होण्यासारखं आहे. भाची मुंबईहून हे शिकून आली तर उत्तमच. नाही आली, तरी तिच्या प्रबंधात मुंबईऐवजी मेहकर असेल, एवढी अट मी तिला घातली आहे.

सर, एक शेवटचं, आणि हे मांडवात बोललो असतो तर आगाऊपणा झाला असता. निवृत्तीच्या पैशातून तुम्ही गावाबाहेरच्या लेआऊटमध्ये दोन प्लॉट घेतलेत. सहा वर्षं झाली. रस्ता मंजूर आहे, असं दलालानं सांगितलं होतं. मागच्या दिवाळीत तुम्ही मलाच म्हणालात, भाव का वाढत नाही कळत नाही, गिऱ्हाईक येतं आणि परत जातं. त्याच संध्याकाळी भाचीनं विकास आराखड्याचा नकाशा काढला आणि तुमचा गट नंबर शोधला. मंजूर रस्ता तुमच्या लेआऊटच्या मागून जातो, मधे नाला आहे, आणि नाल्यावर पूल प्रस्तावित नाही. दलालाला हे आधीपासून माहीत असणार. सांगायचं तिच्या मनात होतं, पण मांडवात तुम्ही सुपारी कातरत होता आणि सगळे हसत होते.